सिनेमा बंद पडला, तर तो कुणाचा?

मराठी सिनेमा मध्येच बंद पडला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. हिरोने तारखा दिल्या नाहीत, दिग्दर्शक हट्टी निघाला, निर्मात्याचा पैसा आटला. चार दिवसांत गाडी अनुदानावर आणि मल्टिप्लेक्समध्ये न मिळणाऱ्या खेळांवर येते. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायच्या सक्तीवरून रणकंदन झालं, तेव्हापासून तर मराठी सिनेमाचं प्रत्येक दुखणं थिएटरच्या दारात शोधायची सवयच लागली आहे. त्या दारापर्यंत न पोचलेल्या सिनेमांचा विषय निघालाच, तर कुणीतरी म्हणतं, "परदेशात असं होत नाही."

होतं की! आणि चांगलं दणदणीत होतं. दिग्दर्शक टेरी गिलियम यांचा, स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोते या घोड्यावरून फिरणाऱ्या खुळ्या सरदारावरचा सिनेमा घ्या. सप्टेंबर २००० मध्ये स्पेनच्या नवार्रा प्रांतातल्या बार्देनास रेआलेस या ओसाड मुलखात शूटिंग सुरू झालं. बजेट सुमारे ३.२ कोटी डॉलर, सगळा पैसा युरोपातला, आणि जॉनी डेप हाताशी. शेजारी हवाई दलाचा सरावाचा पट्टा होता. डोक्यावरून लढाऊ विमानं जात राहिली आणि पहिल्याच दिवशी आवाजाचं ध्वनिमुद्रण वाया गेलं. दुसऱ्या दिवशी गारांचा पाऊस आणि पूर. सामान वाहून गेलं, पण खरा घाव वेगळाच होता. भिजलेल्या डोंगरांचा रंग बदलला. आदल्या दिवशीच्या कोरड्या, फिकट जमिनीशी नवे शॉट जुळेनात. पाठोपाठ किहोतेची भूमिका करणारे झाँ रोशफोर यांचं पाठीचं दुखणं बळावलं. निदान निघालं हर्निएटेड डिस्कचं, म्हणजे मणक्यातली चकती सरकल्याचं. घोड्यावर बसणं बंद. घोड्यावर न बसणारा किहोते घेऊन करायचं काय? जेमतेम आठवडाभराच्या शूटिंगनंतर सगळं थांबलं.

ही दुर्दैवाची मालिका म्हणून ऐकायला रंगतदार आहे, पण यातलं बरंचसं कागदावर आधीच दिसत होतं. आउटडोअर शूटिंग वेळापत्रकात अगदी सुरुवातीला असेल, तर जवळपास एक तयार इनडोअर सेट राखून ठेवायचा असतो, म्हणजे पाऊस आला की युनिट तासाभरात तिकडे हलतं. याला कव्हर सेट म्हणतात. कोण्या सहायक दिग्दर्शकाने तो मागितला की निर्माता पहिल्यांदा त्याच्यावरच कात्री चालवतो, कारण वापरला नाही तर तो पैसा वाया गेल्यासारखा दिसतो. दुसरी गोष्ट विम्याची. वाहून गेलेल्या कॅमेऱ्याचे पैसे मिळतात. हवामानाने बुडालेले दिवस साध्या निर्मिती-विम्यात सहसा येत नाहीत. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि तिचा हप्ता डोळे पांढरे करणारा असतो. तिसरी गोष्ट, ज्याच्यावाचून सिनेमा होऊच शकत नाही अशा नटाची. शूटिंगआधी डॉक्टरी तपासणी होते, आणि जे दुखणं आधीपासून आहे ते विम्यातून वगळलं जाऊ शकतं. सत्तरीतल्या माणसाला रोज घोड्यावर बसवणार असाल, तर त्याच्या पाठीबद्दल विमा कंपनी काय म्हणते, ते करारावर सही करायच्या आधी वाचलेलं बरं.

इथवर परदेश आणि घर यांत फारसा फरक नाही. ढिसाळपणा काही आपली मक्तेदारी नाही. फरक पडतो तो कोसळल्यानंतर. गिलियम यांचा सिनेमा थांबला तेव्हा दीड कोटी डॉलरच्या घरातली रक्कम विम्यातून गुंतवणूकदारांना मिळाली आणि पटकथेचे हक्क विमा कंपनीकडे गेले. दिग्दर्शकाच्या दृष्टीने हा अन्यायच. ते हक्क सोडवण्यात काही वर्षं गेली, आणि पुढे दुसऱ्या एका निर्मात्याबरोबरचा वाद पॅरिसच्या कोर्टात गेला. सिनेमा लोकांना दिसला २०१८ मध्ये. पण या सगळ्या काळात पटकथा कुणाच्या ताब्यात आहे आणि ती सोडवायची तर दार कुणाचं ठोठवायचं, हे ठाऊक होतं.

आपल्याकडे? 'डब्यात गेला' एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं. फुटेजच्या हार्ड डिस्क पोस्ट-प्रॉडक्शनवाल्याकडे, कारण त्याचं बिल थकलेलं. कथेचे हक्क लेखकाने अर्धेच मानधन घेऊन दिलेले, म्हणून तोही अडून बसलेला. शीर्षक मराठी चित्रपट महामंडळाकडे एकाच्या नावावर, आणि पैसे लावणाऱ्याकडे दुसऱ्याच्या सहीचं पत्र. पाच-सहा जणांकडे सिनेमाचा एकेक तुकडा आणि पूर्ण करण्याचा अधिकार कुणाकडेच नाही.

इथे ब्रिटनमध्ये मधल्या आकाराच्या सिनेमात हा अधिकार पहिल्या दिवसाआधी ठरतो. 'कम्प्लिशन बॉण्ड' नावाची हमी असते. बजेटच्या साधारण दोन-तीन टक्के फी घेऊन हमीदार कंपनी बँकेला शब्द देते, की सिनेमा ठरलेल्या तारखेला पूर्ण होईल, नाहीतर आम्ही पूर्ण करू किंवा तुमचे पैसे परत देऊ. बदल्यात ती साधारण दहा टक्के आकस्मिक निधी बाजूला ठेवायला लावते. रोजचा प्रगती अहवाल मागते, त्यात पटकथेची किती पानं झाली ते पानाच्या आठव्या भागापर्यंत मोजलेलं असतं. दर आठवड्याला खर्चाचा तक्ता द्यावा लागतो. आजवर किती गेले, अजून किती लागतील आणि शेवटी आकडा कुठे जाईल. यातला मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा. तो सलग दोन आठवडे फुगला की फोन येतो. आणखी फुगला, तर दिग्दर्शकाला बाजूला सारण्याचा अधिकारही कंपनीच्या करारात असतो. तो क्वचितच वापरला जातो. तो आहे एवढंच पुरतं.

आता अनुदानाकडे येतो, कारण घरच्या चर्चेत सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. 'सरकारने आधी पैसे द्यावेत' ही मागणी वारंवार होते. ब्रिटनमध्येही सरकार आधी देत नाही. छोट्या सिनेमांसाठीची करसवलत खर्चाचे हिशेब दाखल केल्यावरच मिळते. पण ती सूत्राने मिळते. समजा पात्र खर्च दहा लाख पौंड आणि तो सगळा ब्रिटनमध्येच झाला. त्यातला ८० टक्के, म्हणजे आठ लाख धरायचा. त्यावर ५३ टक्के, म्हणजे ४ लाख २४ हजार. त्यावरचा २५ टक्के कर वजा जाता हातात ३ लाख १८ हजार. ब्रिटिश सिनेमा म्हणून प्रमाणपत्र मिळवायला ३५ पैकी १८ गुण लागतात, आणि कशाला किती गुण ते छापलेलं आहे. त्यामुळे शूटिंगच्या आधीच बँक किंवा सावकारी कंपनी व्याज कापून ही रक्कम उसनी देते. महाराष्ट्रात सिनेमा सेन्सॉर होऊन आला की समिती तो बघते आणि 'अ' किंवा 'ब' दर्जा देते. समिती प्रामाणिक असेल, रसिकही असेल. पण उद्या ती काय ठरवेल यावर कुठली सहकारी बँक आज कर्ज देणार? अनुदानाची रक्कम वाढवा म्हणून भांडण्यापेक्षा तिचा काही भाग निव्वळ खर्चाच्या सूत्रावर द्या म्हणून भांडलं, तर तेवढ्याच पैशात जास्त सिनेमे पूर्ण होतील असं माझं स्पष्ट मत आहे. दर्जाचं बक्षीस हवं तर वेगळं ठेवा.

२०२५ मध्ये आठ तासांच्या शिफ्टवरून हिंदी सिनेमात जो गदारोळ झाला, त्याबद्दल एवढंच. ब्रिटनमध्ये कायद्याने दोन दिवसांच्या कामांमध्ये सहसा अकरा तासांची विश्रांती लागते. रात्री नऊला पॅकअप झालं, तर सकाळी आठच्या आत कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, लावता येत नाही. म्हणून वेळापत्रक मुळातच खरं लिहावं लागतं.

दोन कोटींच्या मराठी सिनेमाला बॉण्ड परवडणार नाही, हे मान्य. ब्रिटनमधलेही हमीदार फार छोट्या सिनेमांकडे ढुंकून बघत नाहीत, आणि ते सिनेमे बॉण्डशिवायच होतात. पण आठवड्याचा खर्चतक्ता फुकट आहे. कोकणात जूनमध्ये शूटिंग लावायचंच असेल, तर एखाद्या वाड्याची माजघरातली दृश्यं पावसासाठी राखून ठेवायला फक्त वेळापत्रक नीट मांडावं लागतं. आणि पैसे लावणाऱ्याच्या करारात एक कलम घालता येतं: शूटिंग ठराविक दिवसांपेक्षा जास्त थांबलं, तर फुटेज, कथा आणि शीर्षक तिन्ही कुणाकडे जाणार आणि कुणाची देणी कोणत्या क्रमाने फिटणार. हे कलम लिहायला वकिलाची एक दुपार लागेल. निर्मात्याला ते आवडणार नाही, कारण त्यात त्याचा सिनेमा दुसऱ्याच्या हातात जायची सोय आहे. लेखकाच्या आणि एडिटरच्या थकलेल्या बिलांची सोयही त्यातच आहे, तेव्हा ते मागायला त्यांनीच पुढे यायला हवं, आणि तेही पहिला चेक घेताना.