स्कॅनर लावला म्हणजे झालं का?

नऊ हजार चारशे. दोन महिन्यांत एवढे पैसे मोजले, आणि बिघाड निघाला कुठे, तर दीडशे रुपयांच्या रबरी नळीत!

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. पोऱ्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला, अ‍ॅडव्हायझर स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सर, पी०१७१. ऑक्सिजन सेन्सर गेलाय." अर्ध्या मिनिटात निदान! बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

अरे बाबा, पी०१७१ या बिघाडाच्या कोडाचा अर्थ एवढाच की इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते त्या कोडात लिहिलेलं नसतं. कुठूनतरी हवा घुसत असेल, हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरवर धूळ बसली असेल, गाडीतला पेट्रोल ढकलणारा पंप दमला असेल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबले असतील. ते शोधायचं काम माणसाचं, आणि त्याचेच तर लेबर चार्जेस लावता ना? बिचारा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून, धुरातला ऑक्सिजन मोजून इमानदारीत खरं सांगत होता, त्यालाच काढून फेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! जुना पार्ट मागितला तर म्हणे "स्क्रॅपमध्ये गेला".

चौथ्या दिवशी दिवा परत हजर.

दुसऱ्या खेपेला थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली, कोड उडवला, गाडी धुऊन चकाचक करून दिली. (धुण्यात मात्र यांचा हात कोणी धरणार नाही.) कोड उडवला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणजे दिवा लागला त्या क्षणी स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती, ही सगळी नोंद गेली. पुरावा स्वतःच्या हाताने पुसायचा आणि वर म्हणायचं, "सर, पेट्रोलमध्ये भेसळ असेल, पंप बदलून बघा." त्यांचं ऐकून पंपही बदलला मी, म्हणजे पेट्रोल भरायचा. दिवा आठवड्यात परत.

शेवटी डोकं सटकलं. आठशे रुपयांचं ब्लूटूथवालं ईएलएम ३२७, म्हणजे गाडीला लावायचा छोटा स्कॅनर, मागवलं, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्येच बसलो. इंजिन चालू, गाडी उभी, तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २४! म्हणजे ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा नेहमीपेक्षा चोवीस टक्के जास्त पेट्रोल ओतून कसंबसं निभावतोय. रेस वाढवून अडीच हजार आरपीएमवर धरलं, तर आकडा सरळ सहावर. गाडीतला पंप दमला असता तर रेस दिल्यावर आकडा वाढला असता. इथे उलटं झालं, म्हणजे हवा चोरून आत येतेय. आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन ओढतंच थोडी हवा, त्यात ही चोरटी हवा लगेच जाणवते. रेस दिली की मोठ्या लोंढ्यात ती बुडून जाते. हे शिकायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहितो हो!

बॉनेट उघडून कान लावला तर बारीक फुस्सऽऽ आवाज. पीसीव्हीची नळी, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी रबरी नळी, वरून अगदी ठणठणीत. वळणाखाली बोट फिरवलं तर नखाएवढी चीर हाताला लागली. तिच्यावर अंगठा दाबला आणि थरथरणारं इंजिन शांत झालं. अंगठा काढला, परत थरथर. तीनदा करून बघितलं, संताप आणि आनंद दोन्ही एकदम.

नळी कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाली. लावायला दहा मिनिटं, त्यातली पाच पक्कड शोधण्यात गेली. आज तीन आठवडे झाले, दिवा नाही, ट्रिम अधिक तीन.

आणि काल सेंटरमधून फोन. "सर, तुम्हाला फीडबॅकचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या हं." म्हटलं, देतो की. आधी माझा जुना सेन्सर आणून दे.