प्रतिक्रियेला उत्तर : ते १९ मिलिमीटर कुठून आले?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी कागदावर हिशेब करून पाहिला. तुमचं म्हणणं असं : ६०० मिमी बाहेरच्या व्यासाचं, ६ मिमी पत्र्याचं शेल (गोल नळकांडं) माझ्या लेखाप्रमाणे ऱ्हायनो या त्रिमितीय ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अनरोल केलं, म्हणजे उलगडून सपाट केलं, पट्टी १८८५ मिमी आली आणि रोल केल्यावर सांध्याला १९ मिमी पत्रा उरला. म्हणून ‘उलगडताना लांबी बदलत नाही’ हे खोटं. त्यापेक्षा वक्र सरळ प्रोजेक्ट करून, म्हणजे वरून दिसतात तसे सपाट प्रतलावर उतरवून घेतलेले बरे.

ते १९ मिमी माझ्या चुकीमुळे आले. पत्रा वळताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते; लांबी टिकते ती जाडीच्या मधल्या थरात. मार्किंग करणारा माणूस ‘मीन डाया’ (बाहेरच्या आणि आतल्या व्यासांची सरासरी) धरतो तो यासाठीच. ५९४ गुणिले पाय (π), म्हणजे १८६६. मी मात्र लेखात बाहेरचा पृष्ठभाग निवडायला सांगितलं होतं. आधी पृष्ठभाग ३ मिमी आत सरकवून (ऑफसेट) घ्या, मग अनरोल करा, हे वाक्य आज लेखात घातलं आहे. तुमचा पत्रा माझ्यामुळे बिघडला, याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रोजेक्शनचं मात्र मी मान्य करणार नाही. १०० मिमी ब्रँचचं (शेलला बाजूने जोडलेल्या पाइपाचं) भोक तसं काढलं आणि बसलं, असं तुम्ही लिहिता. बसणारच. या शेलवर त्या भोकाची घेराच्या दिशेने रुंदी उलगडल्यावर १००.५ मिमी येते. अर्धा मिलिमीटर वेल्डमध्ये जिरून जातो. पण त्याच जागी ५०० ची ब्रँच घ्या. प्रोजेक्शन ५०० च सांगेल, पत्र्यावर मात्र ५९४ लागतात. वरून पाहताना पृष्ठभाग जितका कलत जातो तितकी लांबी आखडते, आणि लहान भोकावर ते कळतच नाही. म्हणूनच मला ही सवय धोक्याची वाटते. एल्बोचा (पाइपाच्या वळणाचा) तिरका छेद घ्या. तो उलगडला की साइन वक्र होतो. मला तर तो दर वेळी पाहताना आनंद होतो. प्रोजेक्शनमध्ये त्याची लंबवर्तुळं, वर्तुळं, रेषा असं काहीही होईल, पण पाइपाला गुंडाळता येईल असा वक्र हाती लागणार नाही.

डिश्ड एंड (शेलच्या टोकाचं फुगीर झाकण) उलगडत नाही म्हणाल, तर तो सॉफ्टवेअरचा दोष नाही. अनरोल ही आज्ञा एकाच दिशेने वळलेल्या पृष्ठभागांसाठी आहे : सिलिंडर, शंकू वगैरे. दोन्ही दिशांनी फुगलेला पृष्ठभाग न ताणता सपाट होत नाही, हे गाउसने १८२७ मध्येच दाखवून दिलं. तिथे ऱ्हायनोचीच ‘स्क्विश’ ही आज्ञा वापरा, पण त्यातून येणारा आकार अंदाजे असतो हे धरून पत्रा जास्त ठेवा.

आता तुमच्या त्या पट्टीबद्दल. एका कडेने १९ मिमी कापून मोकळे होऊ नका. भोकांच्या जागाही १८८५ च्या हिशेबानेच आल्या असणार. न कापलेल्या कडेपासून मोजलं तर ९० अंशांवरचं भोक ४.७ मिमी आणि २७० अंशांवरचं तब्बल १४ मिमी सरकलेलं निघेल. भोकं अजून पाडली नसतील तर १८६६ वर सगळं मार्किंग नव्याने करा. सांध्याची फट त्यातून वेगळी वजा करा.