एकाच काट्यावरची नऊ वजनं

सांगलीतल्या आमच्या विज्ञानवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'जगभरच्या अणुघड्याळांची मापनं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. म्हणून मापनं जितकी जास्त, तितकी सरासरी पक्की. सहसंबंधाचं गणित म्हणजे उगीच वाढवलेली अनिश्चितता.' (सहसंबंध म्हणजे दोन मापनांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असणं.) वाक्यं तीन, तिन्ही चुकीची.

आधी 'स्वतंत्र' पाहू. १९६७ पासून सेकंद म्हणजे सिझियम अणूच्या ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं. त्यामुळे स्ट्रॉन्शियम किंवा यटर्बियम अणूंवर चालणाऱ्या नव्या घड्याळांची वारंवारता हर्ट्झमध्ये सांगायची तर ती शेवटी सिझियमशीच ताडावी लागते. दोन्ही एकाच सिझियम फाउंटनवर (सिझियमच्या अणुघड्याळाचा एक अचूक प्रकार) मोजले, की फाउंटनचा दोष दोन्ही आकड्यांत उतरला. ज्यांच्याकडे फाउंटन नाही ते आंतरराष्ट्रीय अणुवेळेचा (जगभरच्या अणुघड्याळांवरून काढलेल्या सामाईक वेळेचा) आधार घेतात, आणि त्या वेळेची गती तरी कशावर तपासतात? मुख्यतः जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांच्या सिझियम घड्याळांवर. देश बदलला, काटा तोच.

आता सरासरी. मार्केट यार्डात हळदीचं एक पोतं एकाच काट्यावर नऊदा ठेवा. दर वेळच्या हलण्या-डुलण्याची अनिश्चितता ३ एकक आणि काट्याची स्वतःची ४ धरू. प्रत्येक वजनाची एकूण ५ (वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ). मेसेजवाल्यांच्या हिशेबाने नऊ वजनांच्या सरासरीची अनिश्चितता ५ भागिले ३, म्हणजे १.७. प्रत्यक्षात ३ चे १ झाले, ४ मात्र चारच राहिले. एकूण ४.१. नव्वदवेळा ठेवलंत तरी ती चाराखाली येणार नाही.

तिसरं वाक्य मला सर्वांत खटकलं, कारण इथे गाडी उलट्या दिशेने जाते. उसाची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर जाते, मग रिकामी होऊन. काटा प्रत्येक वेळी वीस किलो जास्त दाखवत असला, तरी वजाबाकीत ते वीस किलो उडतात. वरचेच आकडे घ्या: दोन्ही वजनं स्वतंत्र मानली तर फरकाची अनिश्चितता ७.१, काटा एकच आहे हे धरलं तर ४.२. सहसंबंध धरल्याने ती कमी झाली! (काटा किलोऐवजी टक्क्याने चुकत असेल तर वजाबाकी कामाची नाही; तिथे भागाकार लागतो.)

घड्याळांचंही तसंच. स्ट्रॉन्शियम आणि यटर्बियम एकाच वेळी, एकाच फाउंटनशी ताडले आणि त्यांचं गुणोत्तर काढलं, की फाउंटनचा दोष भागाकारात बहुतांशी उडून जातो. ज्याने सहसंबंध सोडला, त्याने ते गुणोत्तर उगीच ढिसाळ ठरवलं.

म्हणूनच वारंवारतांची २०२१ ची आंतरराष्ट्रीय शिफारस यादी करताना सगळ्या मापनांचा मेळ एकत्र घातला गेला, आणि कुठली दोन मापनं कशात वाटेकरी आहेत याची नोंद त्या हिशेबात धरली. सेकंदाची नवी व्याख्या स्ट्रॉन्शियम-यटर्बियमसारख्या घड्याळांवर बेतायची चर्चा चालू आहे. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या आमच्या काकांनी यार्डात उभी हयात काढली आहे. काट्याचं त्यांना मी काय सांगणार?