‘जनावरांत काम करता का?’

गोरेगावच्या एका तबेल्यात म्हशींच्या रक्ताचे नमुने घ्यायला गेले होते. कोपऱ्यातल्या खाटेवर धारा काढणारा एक कामगार चादर ओढून पडलेला. तीन महिने ताप येतोय-जातोय, रात्री घामाने अंग भिजतं, कंबर धरलीय. दोन दवाखाने झाले, आधी मलेरियाची औषधं, मग टायफॉइडची.

मी विचारलं, म्हैस गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, की वार (गर्भासोबतची नाळ-झिल्ली) कोण काढतं?

“हम ही निकालते हैं मॅडम, और कौन?” हातमोजे? नाहीत.

तुम्ही काम काय करता, हे त्याला दोन्ही दवाखान्यांत कुणी विचारलंच नव्हतं. पुढे तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे गाभडलेल्या जनावराच्या वारेतून किंवा कच्च्या दुधातून माणसाला होणारा जंतुसंसर्ग. सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही प्रतिजैविकं घेतल्यावर तो उठला.

असं काही निघालं की लगेच ऐकू येतं, तबेले शहराबाहेर काढा. पशुवैद्यक म्हणून मला हे अजिबात पटत नाही. हाकलतील या धास्तीने मालक गाभडलेली म्हैस गुपचूप विकून टाकतो. ती दुसऱ्या गोठ्यात जाते, रोग तिच्यासोबत जातो आणि आम्हाला नमुना द्यायला कुणी तयार होत नाही.

या जंतूचा शोधच मुळी शहरातल्या जनावरांपाशी पोचला होता. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर शेळ्या दारोदार फिरवून उंबऱ्यावरच धार काढून देत. 1887 मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना तिथे मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला.

आपण दूध उकळून पितो, त्यामुळे बरेचसे वाचतो. धोका राहतो तो वार काढणाऱ्या हातांना. लस आहे, पण ती चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना द्यायची असते, आणि मुंबईच्या तबेल्यांत बहुतेक म्हशी बाहेरून, विण्याच्या बेतात किंवा नुकत्या व्यालेल्या येतात. म्हणजे लस त्यांच्या जन्मगावीच टोचायला हवी. इथे मात्र म्हशीचं आणि माणसाचं रक्त एकाच दिवशी, एकाच तबेल्यात घेतलं गेलं पाहिजे, आणि निकाल त्या कामगाराला त्याच्या भाषेत सांगितला पाहिजे.

माझ्या मित्रयादीत बरेच फॅमिली डॉक्टर आहेत. जोगेश्वरी-गोरेगावकडचा कुणी लांबलेला ताप घेऊन आला, तर त्याला एवढं विचारा: जनावरांत काम करता का?