दधिप्रियाचे हाल

ठाण्यात राहून दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाची आणि दह्याची गाठ दिवसाउजेडी पडत नाही. रात्री लावलेले विरजण सकाळी घट्ट होते, तेव्हा मी लोकलच्या दारातली दांडी शोधत असतो, आणि नौपाड्यातल्या घरी परततो तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात. म्हणजे दहीभात खायचा तो रात्रीच आणि तोही आत्याच्या देखत. कारण आत्या संस्कृतची निवृत्त शिक्षिका असून तिला झोप कमी आहे.

परवा सटातले दही असे लागले होते की चमचा घालताच अख्खी कवडी सुटून आली आणि खळग्यात पिवळसर निवळी साचली. मऊ भात तयार होता, हिंग-मिरचीची फोडणी तेवढी उरली होती. इतक्यात मागून आवाज आला, “न नक्तं दधि भुञ्जीत!”

रात्री दही खाऊ नये, हे आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायातले वचन एवढ्यावरच थांबते, तर मीही थांबलो असतो. पण पुढे तूप-साखर, मुगाचे कढण, मध, आवळा यांच्यावाचून दही खाऊ नये, गरम तर नाहीच, असे म्हटले आहे, आणि पोटनियम दिसला की माझ्यातला कारकून जागा होतो. मी तूप घातले, साखर घातली, मध घातला, मोरावळ्याची फोड ठेवली आणि कढणाच्या नावाने दुपारच्या आमटीतले मूग वेचून टाकले. एव्हाना त्या वाटीत दह्याचा अंश औषधापुरता राहिला होता.

आत्याने डोकावून विचारले, “मध किती, तूप किती?”

“एकेक चमचा.”

“म्हणजे समप्रमाणात! अरे, ते विरुद्ध अन्न. आणि रात्रीचा नियम वेगळा, त्याला तुझ्या सवलती लागत नाहीत.”

दही थंड असते, हा माझा बचावही टिकला नाही. आयुर्वेदाच्या मते ते उष्ण वीर्याचे, पचायला जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग चिकट करून अडवणारे. पुढच्याच श्लोकात, विधी सोडून दही खाणाऱ्याला ज्वर, रक्तपित्त, विसर्प, कुष्ठ, पांडू, भ्रम आणि उग्र कावीळ बहाल केलेली आहे. त्या अभाग्याला तिथे ‘दधिप्रिय’ म्हटले आहे. इतक्या गोड शब्दात माझा उल्लेख आजवर कोणीही केलेला नाही, त्यामुळे मी जिद्दीने वाटी संपवली. सकाळी लोकलमध्ये सात शिंका आल्या. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी न मागता जागा दिली, एवढाच काय तो लाभ.

रविवारी मात्र भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, मी ताट मांडून बसलो. आत्याने सटावरचे झाकण किंचित उचलले, बाहेरच्या ऑक्टोबरच्या उन्हाकडे पाहिले आणि झाकण परत ठेवले.

“शरद ऋतू आहे रे. शरद, ग्रीष्म, वसंत, या तिन्हींत दही निंद्यच. मार्गशीर्ष लागू दे, मग बघू.”