हिमनग कोणी ठेवला?

यंदा सोसायटीच्या गणपतीत मी हाताने बनवलेली छोटी बोट बुडाली. म्हणजे बुडवली. आराशीचा विषय 'सागर'. कमिटीतली पोरं "दादा, तुमची बोट द्या ना दहा दिवस" म्हणून मागे लागली, मी दिली. पहिल्या आरतीला खाली उतरलो, तर निळ्या सॅटिनच्या समुद्रात माझी बोट, तिच्या नाकासमोर कापसाचा हिमनग, आणि पुठ्ठ्यावर ग्लिटरने लिहिलेलं 'टायटॅनिक'.

ती टायटॅनिक नाही हो! ती पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची स्ट्रॅथनेव्हर. १९३१ साली इंग्लंडात बॅरोला बांधलेली, मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाला जाणारी. १९३२ साली सी. के. नायडूंचा संघ भारताची पहिली कसोटी खेळायला विलायतेला गेला तो हिच्यातूनच. टायटॅनिकचं अंग काळं, धुराडी चार. हिचं अंग पांढरंशुभ्र, धुराडी तीन. म्हशीला गाय म्हणताना माणसाला थोडा तरी संकोच हवा.

हिमनगाची कल्पना तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची निघाली. त्यांना गाठलं. त्यांनीच आधी विचारलं, "अरे, चौथं धुराडं कुठाय?"

"काका, हिला तीनच होती."

"चार होती. पिक्चरमध्ये मोजलीत मी."

"पण ही टायटॅनिक नाहीच."

"तेच म्हणतोय मी. एक लावून टाक, होईल."

मग मी समजावायला बसलो. हिच्या तिन्हींतलं मधलंच धुराडं कामाचं. पुढचं आणि मागचं नुसतं शोभेचं. जास्त धुराडी म्हणजे बोट जास्त दणकट, अशी तेव्हाच्या उतारूंची समजूत. महायुद्धानंतर ती दोन्ही काढूनही टाकली. टायटॅनिकच्या चौथ्यातूनसुद्धा बॉयलरचा धूर येत नसे, ते मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं.

काकांनी पंचखाद्याचा बकाणा थांबवला. "म्हणजे खोटी?"

"हो."

"आणि तू ती बनवत बसलास?"

"मूळ बोटीवर होती ना!"

"मूळ बोट खरी, तिच्यावर खोटी. ठीक. तुझी बोटच खोटी. मधलं तरी खरं आहे का? धूर येतो?"

"नाही."

"मग तिन्ही खोटीच! चौथ्यानेच काय घोडं मारलंय?"

यावरचं उत्तर मी अजून शोधतोय. रात्री दोनला सुचतं, सकाळी चहा पिताना ते बावळट वाटतं.

एकास साडेतीनशे या प्रमाणात अख्खा माणूस पाच मिलिमीटरचा होतो. डेकचा कठडा तीन मिलिमीटरचा. तो पितळी कठडा चिमट्यात धरायचा, टाचणीच्या टोकाने फेविक्विक लावायचं आणि श्वास रोखायचा. श्वास सुटला की कठडा उडतो. मग फरशीवर पालथं पडून मोबाईलच्या टॉर्चने शोधमोहीम. बाजूच्या गोल खिडक्या हातड्रिलने एकेक पाडलेल्या. लाकडाला पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, रंगाचा हात द्यायचा, उजेडात तिरकं धरून बघायचं, पुन्हा घासायचं. फेविक्विकचा थर चढल्यापासून ऑफिसच्या हजेरी मशीनला माझा अंगठा पटत नाही. एचआरची बाई म्हणाली, "सर, कुठलं तरी दुसरं बोट द्या." दुसऱ्या बोटांचीही तीच गत होती.

त्या कठड्यावर कोणीतरी प्रसादाचा द्रोण टेकवला. डोलकाठीला चायनीज माळ गुंडाळली. विचारलं कोणी? छे. "दादा, लायटिंगमध्ये भारी दिसते!"

राग खरं तर द्रोणाचाही नाही. मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला अशा बोटी वर्षानुवर्षं लागत होत्या. विलायतेहून आलेला माणूस बोटीतून उतरला की तिथल्याच मोल स्टेशनातून फ्रंटियर मेल पकडून थेट दिल्लीकडे निघे. हा आपल्या शहराचा इतिहास आहे, आणि तो विचारायला कुत्रं फिरकत नाही. टायटॅनिक मुंबईला कधी आलीच नाही. मुंबईचं सोडा, ती न्यूयॉर्कलाही पोचली नाही! एकाच फेरीत बुडाली, तर तिचं नाव पोरासोरांना पाठ. आणि जिने तीसेक वर्षं माणसं धडपणे पोचवली, युद्धात सैनिक वाहिले, ती १९६२ साली हाँगकाँगला भंगारात गेली. तिच्या नावापुरतं ग्लिटर उरत नाही आपल्याकडे.

विसर्जनानंतर बोट घरी आली ती डेकवर गुलाल घेऊन. दोन लाइफबोटी बेपत्ता. त्यातली एक काकांच्या नातवाच्या टबात तरंगताना सापडली. दुसरीचा पत्ता नाही. वर्गणीची पावती मात्र कमिटीने न चुकता दारात आणून दिली.

काकाही मागोमाग आले. "लोकांना फार आवडली हं तुझी टायटॅनिक. पुढच्या वर्षी बुडतानाच दाखवू. मागची अर्धीच बनव. पुढची पाण्याखाली, ती कोण बघतंय?"