“24 चॅनल सोडून 16 चॅनलचा मिक्सर गळ्यात मारला” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. आमच्या दुकानातून घेतलेल्या साउंड मिक्सरला एक स्टार दिलात, हरकत नाही. (मिक्सर म्हणजे सगळे माइक-वाद्यं जोडून आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, चॅनल म्हणजे त्यातली एकेका आवाजाची वाट.) “याच पैशांत 24 चॅनलचा अ‍ॅनालॉग येत होता, यांनी 16चा डिजिटल दिला, शाहू स्मारकच्या कार्यक्रमात निवेदकाचे पहिले शब्द गेले, वायफाय तुटलं” असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून कुणी नुसत्या आकड्यावर मिक्सर घेऊ नये, म्हणून हे उत्तर.

तुमची यादी: तबला-डग्ग्याला दोन माइक, ढोलकीला दोन, हार्मोनियम एक, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या दोन-दोन लाइन, गायक चार, निवेदक एक. झाले 14. चॅनल पुरतात. आणि चॅनलचा छापील आकडा म्हणजे माइकची संख्या नव्हे. यामाहाचा एमजी16एक्सयू घ्या, नाव सोळाचं, माइक इनपुट दहा, कारण सोळातले आठ चॅनल म्हणजे चार स्टिरिओ जोड्या, आणि त्यांतल्या दोनच जोड्यांना एकेक माइक लागतो. यात फसवणूक काही नाही, पण एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या वायरची) भोकं स्वतः मोजावीत.

खरा प्रश्न मॉनिटरचा होता. चारही गायकांना वेगवेगळा मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायचा स्टेजवरचा स्पीकर) हवा, ही तुमचीच अट. त्याला चार प्री-फेडर ऑक्स लागतात, म्हणजे मॉनिटरला आवाज पाठवायच्या अशा वेगळ्या वाटा, की हॉलसाठी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) हलवला तरी गायकाच्या मॉनिटरमध्ये फरक पडत नाही. तुम्ही म्हणता त्या 24 चॅनलवाल्याला तसे दोनच होते. शिवाय मॉनिटर शिट्टी मारायला लागल्यावर प्रत्येकाला वेगळा ग्राफिक ईक्यू (शिट्टीचा सूर तेवढा दाबायचं साधन) कुठून आणणार होता? डिजिटलमध्ये तो आतच आहे, कॉम्प्रेसर (अचानक चढलेला आवाज दाबणारा) आणि गेटसुद्धा (माइक गप्प असताना तो बंद ठेवणारं).

फेडर एका वेळी आठच समोर असतात, हे मात्र खरं. बाकीचे बटण दाबून पुढे आणायचे, त्या प्रत्येक संचाला लेयर म्हणतात. निवेदकाचा माइक दुसऱ्या लेयरवर राहिला, तिथवर बोट पोचेपर्यंत “नमस्कार” होऊन गेला. तो पहिल्या लेयरवर आणून ठेवायचा, एवढंच. टॅबवरून मिक्सर चालवायला त्याच्या अंगचं वायफाय असतं, ते 2.4 गिगाहर्ट्झचं, हॉल भरला की प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल त्याच हवेत. 5 गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लावा. आणि यूपीएस घ्याच, राव. जनरेटरवर जाताना क्षणभर लाईट गेली तरी डिजिटल परत सुरू व्हायला वेळ घेतो, अ‍ॅनालॉग लगेच बोलतो.

भजनी मंडळ चार माइकचं असेल तर आम्हीच अ‍ॅनालॉग देतो.

शोची फाईल (मिक्सरची साठवलेली सेटिंग) पेनड्राइव्हवर घेऊन या, लेयर लावून देतो, पैसे नाहीत. तरीही बदलूनच हवा असेल तर तेही बोलू. फक्त उरलेले दोन मॉनिटर कुठे जोडणार, ते आधी ठरवून या.